आकडे कोणाचे, सही कोणाची?

रुग्णाची नोंदवही आता संगणकात गेली आहे. लाखो नोंदी एकत्र करून औषधाचे गुणदोष ठरविणारे नवे शास्त्र उभे राहिले आहे. परंतु नोंदींना कुलूप खाजगी मालकाचे असेल, तर शास्त्राचे काय होते, हे २०२० सालच्या एका प्रकरणाने दाखवून दिले.

त्या वर्षी २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालये व ९६,०३२ कोविडग्रस्त यांचा आधार देऊन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यात म्हटले होते. तीनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची आपली चाचणी स्थगित केल्याचे जाहीर केले. हे सारे आकडे सर्जिस्फिअर या एकाच अमेरिकन कंपनीचे होते आणि तिचा प्रमुख चार लेखकांपैकी एक होता.

लवकरच विसंगती उघड झाल्या. २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियात ६७ मृत्यूंची नोंद होती. निबंधात मात्र ७३! शंभरांहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्राद्वारे आकड्यांचा उगम विचारला. स्वतंत्र तपासणी ठरली, तेव्हा करार व गोपनीयता यांची सबब सांगून कंपनीने संपूर्ण माहिती देण्याचे नाकारले. ४ जून रोजी उरलेल्या तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. त्याच दिवशी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील, याच कंपनीच्या आकड्यांवरील निबंधही मागे घेण्यात आला, मूळ नोंदी सर्व लेखकांना पाहावयास मिळाल्या नव्हत्या, असे कारण देण्यात आले.

गोपनीयता ही रुग्णाच्या रक्षणासाठी असते. येथे ती मालकाची ढाल झाली. वस्तुतः लेखक म्हणून नाव देणे म्हणजे उत्तरदायित्व पत्करणे होय. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०१३ साली ही अट स्पष्ट शब्दांत घातली होती. न पाहिलेल्या हिशेबावर सही करणाऱ्या सहकारी संस्थेच्या संचालकास सभासद जाब विचारतात. मग विद्वानास सूट का?

कंपन्यांच्या साधनसामग्रीवाचून असे संशोधन होणारच नाही, असा युक्तिवाद केला जातो. सहकार्यास कोणाचा विरोध नाही. विरोध आहे तो अंधविश्वासाला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट’नेच नियम बदलला. एकाहून अधिक लेखकांनी मूळ माहिती स्वतः पडताळावी आणि व्यापारी भागीदारी असल्यास त्यांतील एक तरी विद्यापीठीय गटातील असावा, असे ठरले.

भारतात आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. म्हणून कार्यकर्त्यांनी मागणी केली पाहिजे, की सार्वजनिक रुग्णालयांनी कंपन्यांशी केलेले करार जाहीर व्हावेत आणि संशोधनाची माहिती स्वतंत्र तपासणीस खुली असावी. नोंदी रुग्णांच्या आहेत. त्यांचे विश्वस्त होता येईल, मालक नव्हे.