भूक नसलेल्या माशासाठी गळ



आपल्या भाषेत 'गळाला लागणे' हा शब्दप्रयोग लोभाशी जोडलेला आहे. आमिष दिसले, मोह अनावर झाला आणि जीव अडकला, असा त्याचा आशय. परंतु उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत ज्या नद्या पॅसिफिक महासागराला मिळतात, त्यांच्या काठी हा अर्थ फारसा लागू पडत नाही. तेथे ज्या माशासाठी माणसे कमरेएवढ्या थंड पाण्यात तासन् तास उभी राहतात, त्या माशाची भूकच बहुधा मेलेली असते. तो मासा म्हणजे सॅमन, आणि त्याचा निकटचा आप्त स्टीलहेड.

सॅमन नदीच्या वाळूगोट्यांत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि काही वर्षांनी, ज्या पाण्यात जन्मला त्याचा गंध ओळखत, अंडी घालण्यासाठी माघारी येतो. नदीत शिरल्यावर तो अन्न सोडतो. समुद्रात साठविलेल्या चरबीवर पुढचा सारा प्रवास होतो आणि प्रजनन उरकताच पॅसिफिक सॅमन मरण पावतो. स्टीलहेड मात्र सारेच मरत नाहीत. काही समुद्रात परततात व पुन्हा येतात. स्टीलहेड हा वस्तुतः समुद्रात जाऊन आलेला इंद्रधनुषी ट्राउटच होय. विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीच्या ओढ्यांत आणून सोडलेला ट्राउट याच जातीचा. फरक एवढाच की, आपल्याकडील या माशाने समुद्र कधी पाहिलेला नाही.

मग न खाणारा मासा गळ तोंडात का घेतो? कधी जुन्या सवयीने, कधी कुतूहलाने, तर कधी आपल्या जागेत कोणी घुसले या रागाने. याचा व्यावहारिक अर्थ असा की, हा मासा आमिषाच्या मागे लांबवर धावत येत नाही. आमिषच त्याच्या नाकासमोरून, योग्य खोलीवरून आणि योग्य गतीने न्यावे लागते. या मासेमारीची सारी साधने व सारे कौशल्य या एका गोष्टीतून निर्माण झाले आहे.

म्हणून पहिला धडा गळाचा नव्हे, पाण्याचा. प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा शक्ती जपून वापरतो. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, वेगवान व संथ पाणी जेथे एकमेकांना चिकटून वाहते त्या शिवेवर, किंवा डोह संपून पाणी पुन्हा उथळ होऊ लागते तेथे तो विसावतो. माणूस सावकाश चालतो त्या वेगाचे आणि साधारण कमरेपासून डोक्याइतके खोल पाणी स्टीलहेडला मानवते, असे तेथील जाणते सांगतात.

अशा जागी आमिष पोहोचविण्याच्या तीन रीती मुख्य आहेत. पहिलीत दोऱ्याला शिशाचे लहान वजन बांधतात आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकतात. वजन तळाच्या गोट्यांवर टकटक करीत वाहते व त्याच्या मागून माशाच्या अंड्यांचा लहानसा पुंजका किंवा रंगीत लोकरीचा धागा तरंगत जातो. साडेआठ-नऊ फुटांच्या काठीतून ती टकटक हाताला जाणवते. ती क्षणभर थांबली की ओळखावे, एकतर गोटा आडवा आला किंवा मासा. दुसऱ्या रीतीत तरंगणारे बूच वापरतात. बुचाखाली आमिष तळापासून थोडे वर लोंबत राहते आणि प्रवाहाच्याच गतीने वाहते. बूच बुडाले की काठी उचलायची.

तिसरी रीत पिसे व दोरे बांधून केलेल्या कृत्रिम माशीची. येथे आमिषाला वजन नसते, म्हणून जाड, वजनदार दोराच फेकावा लागतो. पाठीमागे झाडी असली तर दोरा मागे उडविता येत नाही. ही अडचण स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या काठी सुटली. बारा ते पंधरा फुटांची काठी दोन्ही हातांनी धरून, दोरा समोरच्या पाण्यावरच वळवून फेकण्याची तेथील पद्धत पुढे अमेरिकेतील नद्यांवर रुजली. माशी तिरपी पलीकडे टाकतात आणि प्रवाह तिला अर्धवर्तुळात ओढीत काठाकडे आणतो. एक फेक झाली की दोन पावले खाली सरकायचे व पुन्हा फेकायचे.

पाणी गढूळ असेल तर आमिष मोठे व भडक. निवळ असेल तर लहान व फिके. पाणी चार-पाच अंश सेल्सियसपर्यंत थंडावले की मासा सुस्तावतो. तेव्हा आमिष खोल व संथ न्यावे. दहा अंशांच्या आसपास तोच मासा पृष्ठभागाजवळच्या माशीवरही झेप घेतो.

आता या कलेचा सर्वांत नाजूक भाग. बारीक दोरा आणि हलकी काठी वापरणे हे मर्दुमकीचे लक्षण, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलटी आहे. हलक्या साधनांनी झुंज लांबते, मासा पुरता थकतो आणि सोडून दिला तरी वाचेलच असे नाही. म्हणून जाणता मनुष्य पुरेसा बळकट दोरा घेतो, गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकतो, हात ओले करतो आणि माशाला पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवितो. पाणी वीस अंशांजवळ तापले की तो काठी बाहेरच काढीत नाही, कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी आणि थकलेल्या माशाची गरज अधिक असते.

कोणता मासा न्यायचा आणि कोणता सोडायचा, यासाठी ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांनी साधी युक्ती योजली आहे. मत्स्यबीज केंद्रात वाढविलेल्या पिलाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर सोडण्यापूर्वी छाटतात. पर नसेल तर, नियमाने परवानगी असल्यास, मासा घरी न्यावा. पर शाबूत असेल तर तो नदीत जन्मलेला रानटी स्टीलहेड. बहुतेक नद्यांवर तो सोडावाच लागतो. पाण्यात उभ्या असलेल्या एकट्या माणसाजवळ शिपाई नसतो. तेथे कायदा त्याच्या बोटांनीच पाळायचा असतो.

हा संयम चैन नव्हे. अलास्कातील केनाई नदीत १९८५ साली गळावर सत्त्याण्णव पौंड चार औंसांचा चिनूक सॅमन सापडला. तो विक्रम आजही उभा आहे. त्याच नदीत २०२३ साली चिनूकची हौशी मासेमारी बंद करावी लागली, इतके ते मासे रोडावले होते. कोलंबिया नदीवरील सेलायलोच्या धबधब्यावर तेथील मूळ रहिवासी हजारो वर्षे लाकडी माचांवरून जाळ्यांनी सॅमन धरीत. १९५७ साली तो धबधबा धरणाच्या जलाशयात बुडाला. हंगामातील पहिला सॅमन सर्वांनी वाटून खावा आणि त्याची हाडे आदराने नदीला परत द्यावीत, असा त्या किनाऱ्यावरील अनेक जमातींचा विधी आहे. उलटा काटा दाबणारी पकड आणि तो विधी यांचे मूळ मला एकच वाटते.

आशेलाही जागा आहे. क्लॅमथ नदीवरील चार धरणे २०२४ साली पूर्णपणे काढून टाकण्यात आली आणि त्याच शरदात सॅमन तेथून वर चढले. आपल्याकडे समुद्रातून गंगेत चढणारा हिलसा एके काळी प्रयागापर्यंत जात असे. १९७५ साली फराक्क्याचा बंधारा सुरू झाल्यावर त्याची वाट अडली. नदी निराळी, मासा निराळा, प्रश्न तोच.

उत्तम काठी आणि उत्तम रीळ बाजारात मिळते. पाण्याची पारख अनुभवाने येते. परंतु हाती आलेला मासा कोणता आणि नदीला त्याची गरज किती, हे ठरविणारी बुद्धी या दोहोंहून मोलाची आहे. भूक नसलेल्या माशाला गळाला लावण्याचे कसब मनुष्याने मिळविले. आता स्वतःची भूक आवरण्याचे कसबही त्याला मिळवावे लागेल.