जमिनीच्या पोटातली विद्या

मंडळी, आज एका विद्येविषयी चार शब्द सांगतो. तिचे नाव भूशास्त्र. भू म्हणजे जमीन.

विहीर खणायची झाली की आपण पाणाड्याला बोलावतो. तो हातावर नारळ धरून जागा दाखवतो. पाणी लागले तर बरे. नाही लागले, तर कर्ज डोक्यावर बसते.

भूशास्त्र शिकलेला माणूस आधी खडक पाहतो. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस वर आला. तो थरावर थर पसरला आणि थिजला. घट्ट थरात पाणी मुरत नाही. भेगा आणि मुरूम असेल तिथे ते साठते. ओढ्याचा काठ आणि शेजारच्या विहिरी पाहून हे थर ओळखता येतात. मग खर्च वाया जाण्याची भीती कमी होते.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसे गेली. कोणता उतार धोक्याचा, हे तपासणारी माणसे आपल्याला हवीत.

ती आपल्याच घरातून का निघू नयेत? बारावीला विज्ञान घेतले की कॉलेजात हा विषय घेता येतो. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात तो शिकवतात. हातोडी घेऊन डोंगर मात्र चढावे लागतात.

कोणी म्हणेल, "मुलगी डोंगरात कशी जाणार?" अहो, डोक्यावर हंडा घेऊन तीच चढण चढते ना? मग हातोडी घेऊनही चढू द्या.