अणुवीज कोणाला पेलेल?

फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावर, बातान प्रांतातल्या मोरोंग गावाजवळ, समुद्राकाठच्या एका टेकाडावर काँक्रीटची एक भव्य इमारत उभी आहे. तिच्यात अणुभट्टी आहे, जनित्र आहे, सुसज्ज नियंत्रणकक्ष आहे. परंतु ६२१ मेगावॅटच्या या केंद्रातून आजवर विजेचे एक युनिटही बाहेर पडलेले नाही. अध्यक्ष मार्कोस यांच्या राजवटीत, १९७६ साली, त्याचे बांधकाम सुरू झाले. प्रारंभी दोन भट्ट्यांसाठी पन्नास कोटी डॉलरांचा अंदाज सांगण्यात आला होता. अखेरीस एकाच भट्टीवर दोनशे कोटींहून अधिक खर्च झाला. १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस पदच्युत झाले, एप्रिलात चेर्नोबिलचा अपघात घडला आणि नव्या अध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी हे केंद्र बंदच ठेवण्याचा निर्णय घेतला. मात्र कर्ज बंद राहत नाही. त्याचे हप्ते २००७ सालापर्यंत सरकारी खजिन्यातून जात राहिले. म्हणजे बांधकामाच्या पहिल्या वर्षी जन्मलेले मूल तिशी ओलांडून गेले, तरी त्याच्या देशाची त्या करारातून सुटका झाली नव्हती.

या कहाणीवरून अणुवीज हे गरीब देशांचे कामच नव्हे, असा निष्कर्ष पुष्कळजण काढतात. दुसरे काहीजण सर्व दोष त्या राजवटीच्या भ्रष्टाचारावर टाकून मोकळे होतात. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. ज्या विद्युत्-जाळ्याला भट्टी जोडायची ते केवढे आहे, तिचे इंधन कोणाच्या मर्जीवर येणार आहे आणि मध्यरात्री तिच्यापाशी उभी राहणारी माणसे कोणी व किती वर्षांत तयार केली आहेत, या तीन गोष्टींची चौकशी झाल्यावाचून कोणत्याही देशाने करारावर सही करू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे.

माझ्या नोकरीची उमेदीची वर्षे विजेच्या भारनियंत्रण कक्षात गेली. भिंतीवर वारंवारतेचा एक काटा असे आणि तो पन्नासच्या आकड्यावर स्थिर आहे ना, हे पाहण्यातच आमची रात्र सरे. एखादा मोठा संच अकस्मात बंद पडला की तो काटा डोळ्यांदेखत खाली घसरू लागे, आणि त्या काही क्षणांत इतर केंद्रांनी ती तूट भरून काढली नाही, अथवा आम्ही काही भागांचा पुरवठा तातडीने तोडला नाही, तर एकामागून एक संच सुटत जाऊन सारा मुलूख अंधारात जाण्याचा धोका असे. म्हणूनच कोणताही एक संच जाळ्याच्या एकंदर क्षमतेच्या दहा टक्क्यांहून मोठा असू नये, असा या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे. हजार मेगावॅटची भट्टी घ्यायची तर दहा हजार मेगावॅटचे जाळे आधी हवे. आणि आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक भट्ट्या हजार मेगावॅटच्या अथवा त्याहून मोठ्याच आहेत. आफ्रिकेतील कित्येक देशांचे सारे वीजउत्पादन एकत्र केले तरी तेवढे भरत नाही.

शिवाय हे नाते एकतर्फी नाही, आणि ही बाब सामान्य श्रोत्याच्या ध्यानी क्वचितच येते. कोळशाची भट्टी विझवली म्हणजे विझते. अणुभट्टीतील साखळी-प्रक्रिया थांबविली तरी तिच्या पोटात, किरणोत्सर्गी द्रव्यांच्या ऱ्हासामुळे, पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता तत्क्षणी शिल्लक असते; ती हळूहळूच ओसरते, आणि तोवर पाणी खेळते ठेवण्यासाठी पंपांना वीज लागते. ही वीज प्रथम बाहेरच्या जाळ्यातूनच यायची असते. ज्या देशात दिवसातून दोनदा वीज जाते, तेथे भट्टीचा आधारच डळमळीत असतो, आणि मग सगळी भिस्त डिझेलच्या जनित्रांवर राहते.

ही जनित्रेही निकामी झाली तर काय होते, हे आपल्याच देशाने एकदा पाहिले आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे टर्बाइनची पाती तुटून आग भडकली, विजेच्या केबली जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्रात वीज नव्हती. भट्टी तत्काळ बंद करण्यात आली होती. परंतु ती पुन्हा सचेतन होऊ नये म्हणून काही कर्मचारी धुराने भरलेल्या इमारतीत, हातातील बॅटरीच्या उजेडात, वर चढून गेले आणि त्यांनी बोरॉनयुक्त द्रव आत सोडणाऱ्या झडपा स्वहस्ते उघडल्या. आग विझविण्याकरिता ठेवलेल्या डिझेल पंपांचे पाणी उष्णता वाहून नेण्यासाठी वळविण्यात आले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. ती माणसे त्या रात्री योगायोगाने तेथे नव्हती; त्यांना घडविण्याची तयारी फार आधीपासून झाली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ सालची, अणुशक्ती आयोग १९४८ चा, ‘अप्सरा’ ही तुर्भ्याची पहिली भट्टी १९५६ ची आणि तेथील प्रशिक्षण विद्यालय १९५७ चे. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचा करार झाला तो या सर्वांनंतर, १९६४ साली. होमी भाभांच्या दूरदृष्टीची वाखाणणी आपण पुष्कळ करतो, पण भट्टीच्या आधी माणसांची तजवीज करण्याचा हा जो क्रम त्यांनी पाळला, त्याची वाखाणणी मला अधिक मोलाची वाटते.

तारापूरची निवडही हिशेबाने झाली होती. बिहार-बंगालच्या कोळसाखाणी मुंबईपासून रेल्वेने सुमारे हजार मैलांवर. पश्चिम किनाऱ्यावर कोळसा आणावयाचा तर त्याच्या किमतीइतकीच त्याच्या वाहतुकीची चिंता. उलट युरेनियमची करंगळीच्या टोकाएवढी वडी साधारण एक टन कोळशाचे काम करते. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांना वीज देता येईल अशा ठिकाणी, समुद्राकाठी, २१० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले आणि १९६९ साली चालू झाले. जाळ्याच्या मानाने ते बेताचे होते. पुढे बाष्पजनित्रांच्या नळ्यांना गळती लागल्यामुळे त्यांची क्षमता १६० मेगावॅटवर आणावी लागली, तरी त्यांनी पन्नास वर्षे वीज दिली.

इंधनाच्या बाबतीत मात्र आपला हिशेब चुकला, हेही सांगितले पाहिजे. समृद्ध युरेनियम तीस वर्षे पुरविण्याचा अमेरिकेशी १९६३ साली झालेला करार कागदोपत्री पक्का होता. परंतु १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर वातावरण पालटले, १९७८ च्या अमेरिकन कायद्याने पुरवठ्याची वाट अडविली आणि अखेर १९८२ साली फ्रान्सला साकडे घालावे लागले. राजस्थानात रावतभाट्याचे काम अर्ध्यावर असता कॅनडानेही हात काढून घेतला. आपल्यापाशी तज्ज्ञ होते, म्हणून तेथील दुसरा संच आपण १९८१ साली स्वतः चालू करू शकलो. ज्या देशापाशी ते नसतील, त्याने अशा प्रसंगी काय करावे?

या अनुभवातून आपल्याकडे २२० मेगावॅटचे, नैसर्गिक युरेनियमवर व जड पाण्यावर चालणारे संच घडले. नरोरा, काक्रापार, कैगा येथे ते आहेत. लहान जाळ्याच्या देशांना याच मापाची भट्टी हवी होती, पण जगाचे कारखाने मात्र मोठमोठ्या भट्ट्यांकडे वळत गेले. आता पुन्हा छोट्या भट्ट्यांची चर्चा जोरात आहे. तिचे मी स्वागत करतो. मात्र दुसऱ्या कोणी त्या दहा वर्षे चालवून दाखविल्याखेरीज गरीब देशाने पहिले गिऱ्हाईक होऊ नये.

आपला शेजारी बांगलादेश रूपपूर येथे, पद्मेच्या काठी, प्रत्येकी १२०० मेगावॅटच्या दोन भट्ट्या रशियाच्या साहाय्याने उभारीत आहे. प्रकल्पाची किंमत सुमारे १,२६५ कोटी डॉलर असून तिचा नव्वद टक्के भाग रशियाने कर्जाऊ दिलेला आहे. त्या देशाला विजेची निकड आहे, आणि हे केंद्र यशस्वी व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिले इंधन समारंभपूर्वक त्यांच्या हाती आले, तेव्हा भट्टीची वीज पद्मा नदीपलीकडे नेणाऱ्या तारांचे काम अजून पुरे व्हायचे होते.