ठिपका दिसला, पण तो आहे कुणाचा?

ज्यांना ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीसारखा इथे देतोय. आजचा विषय आहे फ्लाइट सिम्युलेटरमध्ये लांब पल्ल्याच्या हवाई लढाईचा इव्हेंट कसा बांधायचा. मी जालन्यातून बोलतोय. आठवडाभर कोड लिहितो आणि सुट्टीला डीसीएस वर्ल्ड या कॉम्प्युटर गेमसाठी मिशन बनवतो.

मोबाइलवर विमानांचे गेम खेळला असाल, तर तिथलं गणित सोपं असतं. समोर विमान दिसतं, मागे लागायचं, बटण दाबायचं. आजची खरी लढाई अशी नसते. समोरचं विमान डोळ्यांना दिसतच नाही, रडारवर फक्त ठिपका दिसतो. याला बीव्हीआर म्हणतात, म्हणजे बियाँड व्हिज्युअल रेंज. नजरेपलीकडची लढाई.

अंतराचा अंदाज घेऊ. नाशिकजवळचं ओझर तुम्हाला माहीत असेल. तिथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुखोई-३० विमानं तयार झाली. जालना ते ओझर सरळ रेषेत साधारण २०० किलोमीटर. आता समजा, एक विमान जालन्यावरून निघालं, दुसरं ओझरवरून. दोघांचा वेग ताशी ९०० किलोमीटर. म्हणजे दर मिनिटाला त्यांच्यातलं अंतर ३० किलोमीटरने घटतं. सात मिनिटांच्या आत दोघं समोरासमोर! जालना ते संभाजीनगर विमानतळ जेवढं अंतर आहे, म्हणजे अंदाजे ५० किलोमीटर, तेवढंच उरलं की हातात १०० सेकंद असतात. ठरवायचं ते तेवढ्यातच.

आता क्षेपणास्त्राकडे येऊ. आपल्या 'अस्त्र'चा पल्ला १०० किलोमीटरच्या वर सांगतात. पण हा आकडा मोबाइलच्या बॅटरीवर लिहिलेल्या तासांसारखा समजा. दोघं उंचावर असतील, वेगात असतील आणि समोरचा सरळ तुमच्याकडेच येत असेल, तेव्हाचा. क्षेपणास्त्राची मोटार काही सेकंदच जळते. नंतर ते मिळालेल्या वेगावरच जातं, आणि हवा तो वेग खात राहते. समोरच्याने वेळेवर पाठ फिरवली, खाली दाट हवेत उतरला, की पल्ला झपाट्याने कमी होतो.

त्यामुळे साधा 'जास्त विमानं पाडेल तो जिंकेल' असा नियम ठेवला, तर काय होतं बघा. सगळे लांबूनच क्षेपणास्त्रं सोडतात आणि वळून घरी जातात. कुणी मरत नाही, कुणी जिंकत नाही, दीड तास वाया. म्हणून पुढे जायला कारण द्यावं लागतं. माझ्या मिशनमध्ये एका बाजूला मालवाहू विमान ठरलेल्या धावपट्टीवर उतरवायचं असतं, दुसऱ्या बाजूला ते अडवायचं असतं. प्रत्येक बाजूच्या कोठारात मोजकीच क्षेपणास्त्रं. विमान जिवंत परत आणलं तर गुण. एवढं केलं की प्रत्येक शॉट विचार करून मारला जातो.

पण मंडळी, इव्हेंटचा खरा जीव यात नाही. तो एका प्रश्नात आहे: तो ठिपका कुणाचा?

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी जम्मू-काश्मीरच्या आकाशात लढाई चालू होती. त्याच सकाळी बडगामजवळ आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. ते आपल्याच जमिनीवरच्या क्षेपणास्त्राने पडलं होतं. ऑक्टोबरमध्ये हवाई दल प्रमुख भदौरियांनी ती मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

आणि जवळ जाऊन बघितलं की खात्री होते, असंही नाही. १४ एप्रिल १९९४ ला उत्तर इराकवर अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली. २६ माणसं गेली. वैमानिकांनी जवळून जाऊन बघितलं होतं, लक्ष ठेवायला अवॅक्स विमानही हवेत होतं. तरी झालं.

गेममध्ये हा प्रश्न बहुतेक वेळा गायबच असतो. शत्रू लाल, आपला निळा. मला वाटतं, असा गेम आपल्याला एक खोटी गोष्ट शिकवतो, की युद्धात सगळं रंग लावून मिळतं. मग टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या की आपणही 'मारा ना, वाट कशाची बघताय' म्हणायला मोकळे.

म्हणून माझे नियम असे. नावांची लेबलं बंद. लढाईच्या भागातून दोन-तीन प्रवासी विमानं आणि एक रुग्णवाहक हेलिकॉप्टर जातं, आणि त्यांचा वेळ आधी सांगितलेला नसतो. प्रत्येक बाजूला रडार बघणारा एक कंट्रोलर, तोही माणूसच. त्याने 'शत्रू' असं स्पष्ट म्हटल्याशिवाय शॉट मारायचा नाही. चुकीचं विमान पडलं तर ती बाजू तिथेच हरली, मग बाकी गुण कितीही असोत. कोण कधी काय सोडतंय, याची नोंद एक छोटी लुआ स्क्रिप्ट ठेवते. संपल्यावर टॅकव्ह्यूमध्ये सगळं उड्डाण पुन्हा बघायचं, कुणावर न चिडता.

याने खेळ संथ होतो का? उलट आहे. '६० किलोमीटर, उत्तर नाही' असं कंट्रोलर म्हणतो, तेव्हा हेडफोनमध्ये जी शांतता पसरते ना, ती कुठल्याही स्फोटापेक्षा भारी असते. थांबलात तर समोरचा आधी मारेल, आणि घाई केलीत तर कदाचित दीडशे प्रवासी.

गेमिंग पीसी नाही? हरकत नाही. मोबाइलवर नकाशा उघडा, जालना ते ओझर रेघ धरा, दर ३० किलोमीटरला एक खूण करा. मित्राला फोन लावा, घड्याळ लावा. एक खूण म्हणजे एक मिनिट. तो कंट्रोलर, तुम्ही वैमानिक. तुम्ही विचारायचं, 'कोण आहे?' त्याने दोनदा म्हणायचं, 'माहीत नाही.' मग कुठल्या खुणेवर बटण दाबलं असतं, आणि का, ते मला कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू. भेटूच!