सायटिका : कळ पायांत, दोष कमरेंत

नवी मुंबईंतील तुर्भ्याच्या घाऊक बाजारांत पहाटेपासून माथाडी कामगारांच्या पाठीवर पोतीं चढत असतात. त्यांच्यापैकीं एखाद्याच्या नितंबांतून कळ निघून मांडीच्या मागून थेट पोटरींत उतरली, कीं तो पाय चोळूं लागतो. वाशीहून रोज लोकलगाडीनें मुंबईस जाऊन दिवसभर खुर्चीवर बसणारा कारकूनही नेमकें तेंच करतो. चोळला जातो पाय, आणि विकार असतो कमरेंत!

शरीरांतील सर्वांत जाड मज्जातंतु कमरेच्या खालच्या मणक्यांमधून निघणाऱ्या मुळ्यांचा मिळून होतो व नितंबांतून पायांत उतरतो. दोन मणक्यांमध्यें एक लवचिक गादी असते. तिचें बाहेरचें कडें फाटून आंतील मऊ भाग बाहेर आला, म्हणजे शेजारची मुळी दाबली जाऊन सुजते. दुखतें मात्र पार खालीं. चरकसंहितेंत ह्यास गृध्रसी म्हटलें असून नितंबापासून पावलापर्यंतचा कळेचा मार्गही क्रमानें दिला आहे. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो ह्या वैद्यानें १७६४ सालीं ही मज्जातंतूची व्यथा म्हणून वर्णिली. पण गादीचा दोष नीट उमगावयास १९३४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं मिक्स्टर व बार ह्या अमेरिकन शस्त्रवैद्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

सायटिका हें नांव ऐकतांच कोणी शस्त्रक्रियेच्या भयानें गळून जातो, तर कोणी हाड बसविणाऱ्याकडे धांव घेतो. दोन्ही अनाठायीं. बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदां आपणच जिरवून टाकतें, आणि बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. पूर्वीं रोग्यास आठवडेच्या आठवडे फळीवर निजवीत. ती रीत आतां त्याज्य ठरली आहे. एकदोन दिवस पडून राहणें क्षम्य. पुढें सोसेल तितकें चालावें, औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावें, व्यायाम जाणत्याकडून शिकावा. ओझीं मात्र कांहीं काळ टाळावींत. ज्याला एका दिवसाचाही खाडा परवडत नाहीं त्याला हें सांगणें सोपें, पाळणें कठीण. एम्. आर्. आय्. च्या चित्रांत गादी सरकलेली दिसली एवढ्यानेंच घाबरूं नये. कांहींएक दुखत नसलेल्या माणसांच्या चित्रांतही ती तशी आढळते. हॉलंडांत २८३ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांची स्थिति जवळजवळ सारखीच होती.

एका प्रसंगीं मात्र थांबणें घातक. लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, शौचावरील ताबा सुटला, गुह्यभागाची व मांड्यांच्या आंतल्या बाजूची जाणीव गेली, किंवा दोन्ही पायांतील शक्ति जाऊं लागली, तर कमरेंतील मज्जातंतूंचा सबंध झुपकाच दाबला गेल्याचा संशय घ्यावा. येथें दिवस नव्हे, तास मोजावयाचे असतात. उशीर झाल्यास गेलेली शक्ति परत येईलच असें नाहीं. वडीलधारीं माणसें संकोचानें ह्या गोष्टी बोलत नाहींत, म्हणून घरच्यांनींच त्यांना स्पष्ट विचारावें. चालतांना पाऊल लोंबूं लागलें, तरीही त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. वाशी-नेरूळकडे मोठीं रुग्णालयें हाताशीं आहेत; रात्र झाली तरी सकाळची वाट न पाहतां रोग्यास तेथें न्यावें.