एकाच नावाच्या पाट्या

आज पदवी घेतलेल्या माझ्या मित्रांनो,

तुमच्यातले बरेच जण नोकरीला लागतील. त्यांना शुभेच्छा. पण मला बोलायचंय ते उरलेल्यांशी. ज्यांना नागपूरच्या इतवारीतलं, उमरेडचं, काटोलचं घरचं दुकान सांभाळायचंय किंवा नवं काढायचंय, आणि समोरच तस्संच दुकान असल्यामुळे ज्यांची झोप उडालीय त्यांच्याशी.

समोर तस्संच दुकान असणं म्हणजे काय, ते आपल्या सावजीवाल्यांना विचारा. 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्यांच्या आणि पुढे यंत्रमागाच्या कापडापुढे इथल्या हलबा कोष्टी विणकरांचे हातमाग मागे पडत गेले, आणि त्यातल्या काही घरांनी आपली चूलच बाहेर मांडून सावजी भोजनालयं काढली. आज शहरभर ज्याच्या त्याच्या पाटीवर ‘सावजी’ लिहिलेलं असतं. नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही. रस्सा काळपट, वर तर्री, सोबत भाकरी किंवा पोळी. तुमच्या मार्केटिंगच्या पुस्तकाप्रमाणे यातली निम्मी भोजनालयं केव्हाच बंद पडायला हवी होती.

पडली नाहीत, कारण खाणाऱ्याला फरक कळतो. दगडफूल, खसखस, धने, मिरे कुणी किती भाजले हे घरागणिक वेगळं असतं. जुनी माणसं जवसाच्या तेलावरून भांडतात. मटण एकाकडे, खूर दुसऱ्याकडे, वजडी तिसऱ्याकडे असे नागपूरकराचे हिशेब ठरलेले असतात. आणि चांगला सावजीवाला पातेलं संपलं की ‘संपलं भाऊ’ म्हणून मोकळा होतो. पनीर-मंचुरियन ठेवलं असतं तर आणखी चार गिऱ्हाइकं आली असती हे त्यालाही कळतं. ती चार गिऱ्हाइकं सोडणं ही त्याच्या वेगळेपणाची किंमत आहे, आणि तो ती रोज मोजतो.

किंमत हा शब्द मी जपून वापरतोय. जे वेगळेपण फुकट मिळतं ते शेजारीही फुकट उचलतो. तुम्ही सकाळी दहा टक्के सूट लावा, संध्याकाळपर्यंत समोर बारा टक्के लागलेली असते.

केशव विष्णू पेंढरकरांचं उदाहरण घ्या. नागपुरात किराणा दुकान चालवणारे पेंढरकर मुंबईला गेले आणि 1952 मध्ये त्यांनी विको ही कंपनी सुरू केली. कुटुंबातली माणसं दारोदार फिरून दंतमंजन विकत. पुढे हळदीची क्रीम आली. बाजारात पांढऱ्या क्रीमची सवय, आणि ही पिवळी! चेहरा पिवळा होईल म्हणून लोक बिचकायचे. रंग बदलणं सोपं होतं, त्यांनी बदलला नाही. त्यापुढची गोष्ट मला जास्त आवडते. हे सौंदर्यप्रसाधन नसून आयुर्वेदिक औषध आहे, असं कंपनीचं म्हणणं. अबकारी खात्याला ते मान्य नव्हतं, कारण प्रसाधनावर कर जास्त होता. हा वाद वर्षानुवर्षं चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनी जिंकली. जाहिरातीत जे सांगितलं तेच न्यायालयातही सिद्ध करून दाखवावं लागलं. तुमच्या पाटीवरचा मजकूर एवढा टिकेल का, हे स्वतःला विचारून बघा.

आता तुमच्या मनात नागपूरच्या टपरीवरचा डॉली चायवाला आला असेल. फेब्रुवारी 2024 मध्ये बिल गेट्स यांच्याबरोबरचा त्याचा व्हिडिओ जगभर गेला. त्याची टिंगल करणारे मला भेटतात. मी करत नाही. कॅमेरा आला तो नशिबाने, पण दूध उंचावरून ओतण्याची ती लकब त्याने टपरीवर आधीच कमावलेली होती. मात्र तसा गॉगल आणि तशी केशरचना करून आणखी दहा जण उभे राहिले, तर त्यांच्यासाठी गेट्स साहेब काही परत येणार नाहीत.

तेव्हा घरच्या दुकानात जाणाऱ्यांनी एवढं करा. पहिल्याच दिवशी नवी पाटी, नवं ॲप, नवा रंग काढू नका. महिनाभर गल्ल्याजवळ बसा. वाटेतली तीन दुकानं ओलांडून तुमच्याचकडे येणारं गिऱ्हाईक कोणतं, ते हेरा आणि त्याला सरळ विचारा, काका, तुम्ही इथंच का येता? उत्तर बहुधा तुम्हाला न आवडणारं असेल: उधारी मिळते, तुमचे बाबा खराब माल परत घेतात, तुमची आई वजन नीट करते. यातलं काय जपायला खर्च येतो ते वहीत मांडा. पाटीचा विचार त्यानंतर.

त्या महिन्यात वडील तुमच्या पदवीवरून चार शब्द बोलतील. ऐकून घ्या.