जुनीं शस्त्रें आणि खेळाचे नियम

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें नांव ऐकलें नाहीं असा मनुष्य वऱ्हाडांत क्वचितच आढळेल. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं लाविलेलें हें रोपटें. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकचे सामने भरले, त्या वेळीं याच मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन देशी खेळ परक्यांस करून दाखविले. देशी मर्दानी खेळांपैकीं दोन नांवें या संदर्भांत ध्यानांत घेण्यासारखीं आहेत: फरी-गदगा आणि बोथाटी. गदगा म्हणजे तलवारीच्या जागीं आलेली, चामड्यानें मढविलेली काठी. बोथाटी म्हणजे पातें काढून टोकाशीं बोथट केलेला भाला. ज्या कोणा वस्तादानें भाल्याचें पातें प्रथम काढलें, त्यानें खेळाचा पहिला नियम लिहिला असें म्हणावयास हरकत नाहीं.

शस्त्राचा खेळ करावयाचा तर आधीं त्याचा दांत काढावा लागतो. हें काम सोपें. अवघड काम पुढेंच असतें, आणि तें म्हणजे सर्वांच्या हातीं सारखें हत्यार देणें. एकाची काठी वीतभर लांब असली, तर जिंकला तो हात कीं ती काठी, हें कोणत्याहि पंचास सांगतां यावयाचें नाहीं. अकोल्यास मुष्टियुद्धाचा नाद मोठा आहे. पण तेथें ही अडचण फारशी पडत नाहीं. तराजूवर उभें केलें कीं मल्लाचा गट ठरला, आणि हातमोज्याचें वजनहि ठरलेलेंच. जेथें हत्यार आलें, तेथें मात्र तराजू पुरत नाहीं.

या प्रश्नानें सर्वांत मौजेचें रूप धारण केलें तें अमेरिकेंत. गुरें राखणाऱ्या घोडेस्वारांच्या, म्हणजे तिकडील 'काउबॉय' लोकांच्या चित्रपटांवर पोसलेल्या कांहीं हौशी नेमबाजांनीं १९८० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत कॅलिफोर्नियांत एक नवा खेळ काढला, आणि १९८७ सालीं 'सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी' नांवाची संस्था स्थापून त्यास नियमांच्या चौकटींत बसविलें. खेळणारानें जुन्या काळचा पोशाख करावयाचा, आपलें खरें नांव बाजूस ठेवून एक टोपणनांव घ्यावयाचें, आणि दोन सभासदांस एकच टोपणनांव मिळावयाचें नाहीं. आपल्याकडील दंडारींतील सोंगें ज्यांनीं पाहिलीं आहेत, त्यांना यांत नवल वाटूं नये.

सोंग असें मौजेचें असलें, तरी हत्यारांचे नियम कडक आहेत. प्रत्येकास चार हत्यारें लागतात: दोन रिव्हॉल्व्हरें, एक रायफल आणि एक छऱ्यांची बंदूक. हीं सारीं सुमारें १८९९ पूर्वींच्या घडणीचीं, किंवा त्या घडणीच्या प्रतिकृति असलीं पाहिजेत. रिव्हॉल्व्हरचा घोडा प्रत्येक बाराच्या आधीं हातानें चढवावयाचा. त्याच्या सहा घरांपैकीं पांचांतच गोळ्या भरावयाच्या; घोडा ज्यावर टेकतो तें घर रिकामें. रायफल बहुधा १८७३ च्या विंचेस्टरच्या धर्तीची, चापाखालचा दांडा खालींवर केल्यावांचून दुसरी गोळी नळींत न घेणारी. दुनळी बंदूक असेल तर ती रिकामीं काडतुसें आपोआप बाहेर फेंकणारी नसावी. लक्ष्यें पोलादाचीं असतात, आणि निकाल लागतो तो घड्याळावर. जितके सेकंद लागले तितके धरावयाचे, व हुकलेल्या प्रत्येक बारापायीं त्यांत ५ सेकंद मिळवावयाचे.

घड्याळ आलें कीं मनुष्याची बुद्धि पळवाट शोधूं लागते. काडतुसांत दारू कमी घातली कीं हत्यार हातांत उसळत नाहीं, आणि दुसरा बार लवकर काढतां येतो. म्हणून खेळाडूंनीं काडतुसें इतकीं हलकीं केलीं कीं खेळांतील बंदूक जवळजवळ खेळण्यांतली होऊं लागली. यावर संस्थेनें हिशेबाचा नियम घातला. गोळीचें ग्रेनमधील वजन आणि तिचा सेकंदाचा फुटांतील वेग यांचा गुणाकार करावा, त्यास हजारानें भागावें, आणि उत्तर ६० हून कमी येऊं नये. शिवाय वेगहि ४०० फुटांखालीं जातां कामा नये. दुसरी पळवाट अधिक चतुर होती. रायफलींतील दुवे बदलून दांड्याची हालचाल आंखूड करितां येते. बाहेरून पाहणारास ती जुनी विंचेस्टरच दिसते, पण कुशल कारागिराच्या हातून आलेली ती रायफल साध्या रायफलीपेक्षां कितीतरी लवकर चालते. येथें मात्र संस्थेनें हात आंखडता घेतला. हत्यार स्वस्थ असतां बाहेरून जी सुधारणा दिसत नाहीं, तिला बहुतांशीं मुभा मिळाली.

यावर दोन्ही बाजूंनीं बोलतां येईल. प्रत्येक रायफल उघडून पाहणें पंचांस शक्य नाहीं, हें खरें. परंतु ज्या खेळानें पोशाखापासून टोपणनांवापर्यंत जुन्या काळाचा आग्रह धरिला, त्यानें हत्याराचें बाह्यांग तेवढें जुनें ठेविलें आणि अंतरंग पैशाच्या स्वाधीन केलें, असें म्हणणाऱ्याचें तोंड बंद करणें कठीण आहे.

आपल्या देशांत हा खेळ रुजण्याचा संभव थोडा. १८७८ च्या कायद्यानें हत्यारांवर जो परवान्याचा निर्बंध आला, तो १९५९ च्या कायद्यानेंहि राहिला. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच बंदुका ठेवितां येतात. चार हत्यारांचा डाव दोहोंवर कसा मांडणार? परंतु जुन्या शस्त्राचा खेळ आणि त्याचे नियम, हा प्रश्न वऱ्हाडांत दुसऱ्या वाटेनें आला आहे. ती वाट धनुष्यबाणाची.

भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ सालीं निघाली. आज तिच्या राष्ट्रीय स्पर्धांत तीन प्रकार चालतात. रिकर्व्ह हें ऑलिंपिकचें धनुष्य. त्यास नेम धरण्याची खूण, तोल सांभाळणारे दांडे आणि बाण पुरेसा ओढला गेल्याची सूचना देणारी लहानशी पट्टी, इतकें सारें नियमानें चालतें. कंपाउंडला कप्प्या असतात, भिंग असतें, आणि दोरी बोटांनीं नव्हे तर यंत्रानें सुटते. तिसरा प्रकार 'इंडियन राउंड', ज्यांत बांबूचें वा लाकडाचें धनुष्य घेऊन ५० आणि ३० मीटरांवर नेम मारावयाचा. पहिल्या दोहोंची किंमत लाखांच्या घरांत जाते. तिसरें कांहीं हजारांत येतें. मोलमजुरी करणाराच्या मुलास मैदानाचें दार उघडतें तें बहुधा या तिसऱ्या धनुष्यानें. राजस्थानांतील लिंबाराम रानांत बांबूचें धनुष्य ओढीतच वाढले, आणि १९८८, १९९२ व १९९६ या तीन ऑलिंपिकांत उतरले.

येथें एक गोष्ट सहसा बोलली जात नाहीं. बांबूच्या नियमानें खेळाडूंच्या थैल्या सारख्या होतात, पण धनुष्यें सारखीं होत नाहींत. कारखान्यांतून निघालेलीं कार्बनचीं दोन धनुष्यें जुळ्या भावांसारखीं असतील. बांबूचे मात्र एकाच बेटांतले दोन तुकडे सारखे वांकत नाहींत. वैशाखांतल्या दुपारीं जो बांबू वाळून एका तऱ्हेनें ओढ देतो, तोच श्रावणाच्या दमट हवेंत दुसऱ्या तऱ्हेनें देतो. ज्याला आपल्या धनुष्याचा स्वभाव कळला, त्याचाच बाण लागतो. नियमाचा फुटपट्टीसारखा अर्थ करणारांस हा दोष वाटेल. वस्तुतः हाताची परीक्षा येथेंच अधिक होते. अमेरिकेंतील रायफलीसारखें या धनुष्याच्या पोटांत कांहीं लपवितां येत नाहीं, कारण त्याला पोटच नाहीं.

परंतु या मार्गाला पुढें भिंत आहे. इंडियन राउंडमध्यें राष्ट्रीय पदक मिळालें, तरी त्या धनुष्यानें ऑलिंपिकला जातां येत नाहीं. पुढें जावयाचें तर तें खालीं ठेवून रिकर्व्ह किंवा कंपाउंड उचलावें लागतें, म्हणजे ज्या खर्चाच्या भीतीनें बांबू धरिला तोच खर्च वाटेंत उभा राहतो. सातारा जिल्ह्यांतील सरडे गांवचे प्रवीण जाधव मजुरांच्या घरीं जन्मले. त्यांस ही भिंत ओलांडतां आली, कारण सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीनें त्यांस अमरावतीस आणून तिरंदाजी शिकविली. २०२१ सालीं टोकियो येथें त्यांनीं त्या वेळीं जगांत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या गलसान बझारझापोव्ह यांस ६-० असें हरविलें, आणि पुढच्याच फेरींत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसन यांच्याकडून तितक्याच गुणांनीं हार पत्करली. अशी सोय प्रत्येक मुलास लाभत नाहीं.

जागतिक संघटनेला हें साधणें अशक्य आहे असें नाहीं. रानांत प्राण्यांच्या आकृतींवर नेम धरण्याच्या स्पर्धांत तिनें साध्या लांब धनुष्याचा वेगळा गट ठेविला आहे, आणि त्यांत बाण लाकडाचेच हवेत असा दंडक आहे. बांबूसाठीं असा गट मागावयास हरकत कोणती? ती मागणी मात्र येथून गेली पाहिजे, आणि तोंपर्यंत इंडियन राउंड ही केवळ शिकाऊ पायरी मानून गुंडाळण्याची घाई होऊं नये.

उलट दिशेचें वारें जोराचें आहे, हें मान्य केलें पाहिजे. बुलढाण्याचे प्रथमेश जावकर यांनीं २०२३ सालीं शांघाय येथें जागतिक चषकाचें सुवर्णपदक मिळविलें तें कंपाउंडवर. नागपूरचे ओजस देवतळे यांनीं त्याच वर्षीं अंतिम सामन्यांत १५० पैकीं १५० गुण घेऊन जगज्जेतेपद पटकाविलें तेंहि कंपाउंडवरच, आणि तें बर्लिन शहरीं, जेथें १९३६ सालीं अमरावतीचें पथक देशी खेळ घेऊन गेलें होतें. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकांत कंपाउंडचा मिश्र सांघिक सामना प्रथमच धरिला जाणार आहे. त्या यादींत बांबू नाहीं.